अकरा लाख अकरा हजार एकशे अकराचे वाटे

गणित शिकवणाऱ्या बाईकडे गाव गणित शिकायला येत नाही. गाव येतं ते आपलं म्हणणं बरोबर आहे, असं गणिताकडून वदवून घ्यायला. माझी सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत झाली आणि या एका बाबतीत दोन्ही तालुके सारखेच निघाले.

शेणव्याच्या शाळेत असताना एक गृहस्थ जमिनीच्या चार बाजूंची मापं कागदावर लिहून घेऊन आले. क्षेत्रफळ काढून द्या म्हणाले. मी म्हटलं, नुसत्या चार बाजूंवरून ते निघत नाही, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतही मोजून आणा. ते म्हणाले, "मधी भावाचा गोठा हाय. तिथून फीत नेली तर डोकी फुटतील." त्यांचं क्षेत्रफळ शेवटपर्यंत निघालं नाही आणि त्यात भूमितीचा काही दोष नव्हता. एका जीपवाल्यानं विचारलं, गाडीच्या नंबरची बेरीज नऊ येते, चांगली ना? मी म्हटलं, त्या नंबराला नऊनं भाग जातो, एवढंच मी सांगू शकते. तो तेवढ्यावर खूश होऊन गेला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गणिताचा शिक्षक उत्तरं सांगतो. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. आमचं काम ते उत्तर समोरच्याला पटवायचं. दहावीच्या मुलाला पटवणं त्या मानानं सोपं, कारण त्याला पास व्हायचं असतं. गावाला पास व्हायचं नसतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझी बदली टोकावड्याच्या बाजूला झाली. माझं घर सापगावला. किन्हवली-सरळगाव करत रोज येणं-जाणं जमेना, म्हणून टोकावड्यात खोली घेतली आणि दर शनिवारी घरी जाऊ लागले. शाळा मात्र माळशेजच्या रस्त्यालगतच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावातली माणसं दिवाळी अंक वाचत नाहीत, पण त्यांची मुलं आता वाचतात.

तिथे काही वर्षं काढल्यावर एका दुपारी दामूबुवा शाळेत आले. गावच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख. आवाज खडा, चाल सावकाश. मारुतीचं देऊळ नव्यानं बांधायचं ठरलं होतं. मूर्तीच्या चौथऱ्याखाली गावानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं रामनाम ठेवायचं, असा त्यांचा संकल्प होता. बाहेरून आलेल्या एका महाराजांनी आकडा दिला होता : अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"बाई, यातला घरटी किती येतो तेवढा काढून द्या," बुवा म्हणाले. "पण सारखा पायजे. एक कमी नाय, एक जास्त नाय."

या अटीमागे इतिहास होता. गावात वरची आळी आणि खालची आळी. पालखीला आधी खांदा कोणाचा, यावरून दोन्ही आळ्यांत इतकी वर्षं वाद होता की पालखी शेवटी ट्रॅक्टरवर ठेवायला लागले होते. कोणी जास्त नामं लिहिली तर देवळावर जास्त हक्क कोणाचा, हा प्रश्न निघणारच होता. म्हणून सारखे वाटे.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीप्रमाणे घरं दोनशे एकोणतीस. मी तिथल्या तिथे भागाकार केला. घरटी चार हजार आठशे बावन्न, बाकी तीन.

"तीन उरतात," मी तीन बोटं वर करत म्हटलं.

बुवांनी तीन बोटं बघितली. "ते तीन कोण लिहिल?"

"तुम्ही लिहा."

"मी वरच्या आळीचा."

त्यांनी विषय तिथेच संपवला. मी म्हटलं, मग आकडा बदला. एकच कमी करा, अकरा लाख अकरा हजार एकशे दहा. त्याला दोननं, तीननं, पाचनं, सातनं, अकरानं, तेरानं, हवा तसा भाग जातो. इतकी गुणी संख्या शोधून सापडायची नाही. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या नैवेद्यातला एक लाडू उचलून खाल्ला होता.

"महाराजांचा आकडा हाय तो. त्यातला एक राम कमी करू?"

त्या रविवारी मी घरी गेले नाही. खोलीत बसून त्या आकड्याच्या मागे लागले. शाळेच्या लिपिकाचा सेलवरचा कॅल्क्युलेटर मागून आणला होता. सात वेळा एक लिहिला की ही संख्या होते. दिसायला किती सरळ. पण तिला दोननं भागा, एक उरतो. तीननं भागा, एक उरतो. पाच, सात, अकरा, तेरा, कशानंही भागा, एक उरतो. सदतीसनंही एकच उरतो. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यात इतकी हट्टी संख्या माझ्या हाताखालून गेली नव्हती. सतरापासून पुढे उरणारे आकडे बदलायला लागले, पण भाग काही जाईना.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही तिला मूळ संख्या म्हणतात. मला वाटायला लागलं, ही तसलीच असणार, आणि मला बुवांना सांगावं लागणार की हे नाम एक तर एकाच घरानं लिहायचं, नाही तर अकरा लाख घरांनी. पण वाटतं म्हणून सांगता येत नाही. मूळ संख्यांनी ओळीनं भागत जायचं, दुसरा रस्ता नाही. दोनशेच्या वर गेले तेव्हा घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या, कॅल्क्युलेटर पाहून म्हणाल्या, "पगार झाला का?"

दोनशे एकोणचाळीसला भाग गेला. पूर्ण. बाकी शून्य. उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास.

मी हातानं पुन्हा गुणाकार केला. सात एक ओळीनं उभे राहिले. आता चार हजार सहाशे एकोणपन्नासला आणखी फोडता येतं का? ते पाहायला कष्ट पडले नाहीत. त्याला फोडणारा अवयव अडुसष्टच्या आत असायला हवा होता, आणि तेवढ्या सगळ्यांनी मी महाराजांच्या आकड्याला आधीच भागून पाहिलं होतं. म्हणजे हा आकडा सारखा वाटायचे मार्ग दोनच. दोनशे एकोणचाळीस वाटे, नाही तर चार हजार सहाशे एकोणपन्नास. त्या मुलखात साडेचार हजार घरांचं गाव नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी देवळासमोर मंडळाची बैठक होती. मी फळा मागवला नाही. फक्त सांगितलं, घरं दोनशे एकोणचाळीस झाली तर प्रत्येकी चार हजार सहाशे एकोणपन्नास येतात आणि काही उरत नाही. घरं एकानं कमी-जास्त झाली तर उरतं.

"म्हंजे आपल्याला धा घरा पायजेत," बुवा म्हणाले. "धा घरा बांधायची काय आता?"

खालच्या आळीच्या पंढरीनं तोड काढली. पंढरी मंडळाचा दुसरा कर्ता, अंगानं दणकट, बोलण्यात मोजका. तो म्हणाला, घरपट्टी भिंतींची असते. आपण चुली मोजू. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असल्या तर दोन वाटे.

कल्पना चांगली होती. तिचे परिणाम कोणी मोजले नव्हते. गावात कितीतरी घरं अशी होती जिथं भाऊ बाहेरच्यांसाठी एकत्र होते आणि आत जेवण वेगळं शिजत होतं. आता देवाच्या कामासाठी ते उघड करायची वेळ आली. कोणी पुढं येऊन सांगितलं, कोणाच्या बायकोनं मागून सांगितलं. एका सासूबाईंना आपल्या धाकट्या सुनेनं मागच्या पडवीत स्टोव्ह ठेवलाय हे त्या बैठकीत समजलं. आठवडाभरात नऊ चुली वाढल्या. दोनशे अडतीस.

एक कमी.

बुवा माझ्याकडे आले, शाळेला एक वाटा द्या म्हणाले. मुख्याध्यापकांनी शाळेत चूल नसल्याचं कळवलं. माझी खोली टोकावड्यात, म्हणजे गावाबाहेर. डोंगरावरच्या वाडीचा देव वेगळा, त्यांनी आधीच हात जोडले होते. आणि हे सगळं चालू असताना, गावात सर्वांत आधी पेटणारी आणि सर्वांत शेवटी विझणारी चूल कोणीच मोजत नव्हतं.

ती सुमनबाईची. गावाच्या टोकाला, डांबरी रस्त्यालगत तिचा छोटा ढाबा होता. ट्रकवाले आणि घाटात जाणाऱ्या एस.टी.चे ड्रायव्हर तिथे थांबत. चहा, पिठलं-भाकरी, श्रावण सोडून सुकट. सुमनबाई पंढरीची थोरली भावजय. नवरा गेल्यावर रस्त्याकडेचा तुकडा पंढरीनं मागितला. तिनं दिला नाही. गावानं पंढरीची बाजू घेतली तेव्हा ती मुरबाडच्या कोर्टात गेली आणि जिंकली. गावानं ठरवलं, जी बाई गावाला कोर्टाची पायरी दाखवते तिच्याशी गावाचा संबंध नाही. वाळीत टाकणं हा शब्द कोणी उच्चारत नसे. फक्त तिच्याकडे कोणी जात नसे, तिला कोणी बोलावत नसे, आणि घरपट्टीच्या यादीतली तिची ओळ कोणी मोठ्यानं वाचत नसे. बुवांनी मला सांगितलेल्या घरांत ती नव्हतीच.

मी बाहेरची, त्यामुळे मला बंदी नव्हती. रोज एस.टी.ची वाट पाहत मी तिच्या बाकावर बसायची. तिची मुलगी कविता माझी विद्यार्थिनी, दहावी होऊन घरीच होती. तिला शहापूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरी होती. पण त्यांचा निरोप असा होता की लग्नाला गाव उभं राहणार असेल तरच पुढं बोलू. मांडव घालायला, पंगतीत वाढायला गावच येत नसेल, तर उद्या आमच्या माणसांनी काय समजायचं? सुमनबाई हे सांगताना भाकरी थापत होती. थापण्याचा ताल चुकला नाही.

पुढच्या बैठकीत दोनशे एकोणचाळिसावी चूल कुठली, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून कोणी बोलत नव्हतं. शेवटी पंढरीच बोलला.

"माझ्या पोराचा लगीन झालाय. त्याची चूल मी येगळी करतो. झाले दोनशे एकोणचाळीस."

माणसांनी माना हलवल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. पंढरीची बायको, द्रौपदी. सभेत ती कधी बोलली नव्हती, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या वेळी तसं वाटलं नाही.

"माझी चूल कोणाला इचारून फोडताव? पोरगा माझ्या हातचा खातो, सून माझ्याबरोबर रांधते. मोठ्या जावेची चूल पेटती हाय ती मोजायची नाय, आन् माझी एक हाय तिचे दोन तुकडे करायचे?"

"गप गो," पंढरी म्हणाला.

"मी गप बसते. पण पोराची चूल येगळी झाली तर तुमीबी तिकडंच जेवा."

बुवांनी टाळ उगाच हातात घेतले आणि परत खाली ठेवले. मग म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. बाई, तुमीबी या. तिला आकडा समजवा."

सकाळी बुवा, पंढरी, दोन्ही आळ्यांचे दोघं-चौघं आणि मी असे ढाब्यावर गेलो. एक ट्रकवाला चहा पीत होता. इतकी माणसं एकदम आलेली पाहून तो पैसे ठेवून उठला. पंढरी रस्त्याच्या पलीकडे, वडाखाली थांबला.

बुवांनी संकल्प सांगितला. सुमनबाईनं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"बाई, मी नाय लिहिला तर?"

"तर वाटे सारखे होत नाहीत."

"म्हंजे सगळा माझ्यावाचून अडलाय?"

ती खूश होईल असं वाटून मी हो म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, "तसं नाही. दोनशे एकोणचाळिसांतलं कोणतंही एक घर गळलं तरी असंच अडेल. बुवांचं गळलं तरी, पंढरीचं गळलं तरी. तुमचंच विशेष असं नाही."

बुवांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. बाई काम बिघडवते, असं त्यांना वाटलं असणार.

सुमनबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "म्हंजे मीबी बाकीच्यांसारखीच."

"तंतोतंत तशीच."

पातेल्यातल्या चहाला उकळी आली तरी तिनं ते उतरवलं नाही. इतकी वर्षं तिच्या बाकावर बसून मी तिला रागावलेली पाहिली होती, थकलेली पाहिली होती. त्या दिवशीचा तिचा चेहरा मला नवा होता, आणि त्याला काय म्हणावं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"लिहीन," ती म्हणाली. "पण वही घरात येऊन द्यायची आन् घरात येऊन न्यायची. दारातून नाय. आन् आता चहा घ्या सगळ्यांनी. फुकट नाय, पैसे पडतील."

बुवांनी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटून औषधासारखा संपवला आणि डोळे उघडून म्हणाले, "आलं चांगला घातलाय." मग बाकीच्यांनी घेतला. वडाखाली पंढरी उभाच होता. सुमनबाईनं कविताच्या हाती ग्लास पाठवला. त्यानं तो घेतला. प्यायला की ओतला, ते मधून एस.टी. गेल्यामुळे आम्हाला दिसलं नाही. ग्लास रिकामा परत आला.

लिहिण्याचं काम पुढे बरेच महिने चाललं. पानावर किती ओळी, ओळीत किती नामं, हे आखून देणं माझ्याकडे आलं. चार हजार सहाशे एकोणपन्नास ही मूळ संख्या, त्यामुळे कोणतंही पान धरलं तरी शेवटचं पान अर्धवटच राहायचं. लोकांना ते आवडलं नाही. एका निवृत्त फौजीनं आपला वाटा सगळ्यांच्या आधी संपवला आणि आणखी मागितला. त्याला नाही म्हणावं लागलं, तर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. वरच्या आळीतले एक आजोबा अर्ध्यातच गेले. त्यांच्या सुनेनं सुतक संपल्यावर, जिथं त्यांचं अक्षर थांबलं होतं तिथूनच पुढे लिहायला घेतलं.

सुमनबाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायची. तिसरीपर्यंतच शिकलेली. सुरुवातीचे राम वाकडे होते, नंतर नंतर सरळ झाले. वही न्यायला बुवा घरात गेले, ठरल्याप्रमाणे. पानांवर हळदीची बोटं होती. त्यांनी ती मला दाखवली.

"हे चालंल का?"

मी मोजून पाहिलं. "संख्या बरोबर आहे."

"मी डागाचा इचारतो."

"डाग माझ्या विषयात येत नाहीत."

वही चौथऱ्याखाली गेली. देऊळ झालं. आणि एकदा चूल मोजली गेल्यावर ती परत न मोजणं गावाला जमेना. देवळाच्या झाडलोटीची पाळी तिच्याकडे आली, वर्गणीला माणसं आली, भंडाऱ्याचे तांदूळ निवडायला तिचं नाव लागलं. "बाई, तुमच्या गणितानं मला कामाला लावला," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. पाळी मात्र तिनं कधी चुकवली नाही.

हिशोबाच्या दुसऱ्या बाजूलाही काही पडलं, ते सांगायला हवं. उघड झालेल्या त्या नऊ चुली परत कधी एक झाल्या नाहीत. पूर्वी त्या घरांना निदान बाहेरच्यांसाठी एकत्र दिसावं लागे, आता तेवढीही गरज उरली नाही. पडवीतल्या स्टोव्हच्या सासूबाई मला पाहिलं की तोंड फिरवत. मी दुसरा कुठला आकडा काढू शकत नव्हते, हे त्यांना पटवणं मला जमलं नाही. आता त्या नाहीत.

कविताचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. सुमनबाईनं गावात घरोघर आमंत्रण दिलं, पंढरीच्या घरीही. द्रौपदी हळदीच्या आधीच येऊन बसली होती. मांडवाला वरच्या आळीची पोरं आली, मग खालच्या आळीची कशी राहतील, तीही आली. शहापूरकडच्या पाहुण्यांनी मोजली नसतील, पण माणसं पुष्कळ होती.

पंढरी दिसत नव्हता. अक्षता पडल्या तरी नाही. पहिली पंगत बसली, ऊन तापलं होतं, वाढणारे कमी पडायला लागले. मी पाहुण्यांच्या रांगेत होते. भाताचं घमेलं घेऊन कोणीतरी माझ्या पानासमोर वाकलं. पंढरी. सदऱ्याच्या बाह्या वर सरकवलेल्या, कपाळावर घाम. कधी आला, कोणी बोलावून आणलं, मला माहीत नाही.

"बाई, भात?"

"थोडा."

त्यानं थोडा हा शब्द ऐकल्याचं दाखवलं नाही. तो रांगेनं पुढे गेला, शेवटपर्यंत वाढत गेला. तिकडून कोणीतरी मीठ मागितलं. पंढरीनं इकडेतिकडे पाहिलं, घमेलं खाली ठेवलं आणि थेट चुलीपाशी गेला. तिथे सुमनबाई वरणाच्या पातेल्यात पळी फिरवत होती. तो तिच्यापासून दोन हातांवर थांबला.

"वयनी, मीठ कुठंय?"

सुमनबाईनं वर पाहिलं नाही. पळी मात्र थांबली.

"आतल्या फळीवर," ती म्हणाली. "डब्याच्या मागं बघा."

पंढरी वाकून घरात गेला.